गहूपोत

सुरतेत प्लेग येऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती. भेस्तानच्या त्या बाजूला तेव्हा शेतं संपून लूमचे पत्र्याचे शेड सुरू होत, आणि शेडांच्या मागे खानदेशातून आलेल्या माणसांची घरं. भिंती विटांच्या, वर सिमेंटचे पत्रे. दिवसरात्र लूमचा खडखडाट कानात असे. चार दिवस गावी जाऊन आलं की त्या आवाजावाचून झोप लागत नाही, असं बाया सांगायच्या.

श्रावणातला मंगळवार. येत्या रविवारी कानबाई देवी बसणार होती. पाटलांच्या भावकीत सात घरं, आणि सातही घरांची कानबाई धुरपदाबाईच्या घरी बसायची. सासू जाताना देवीची गहूपोत धुरपदाबाईच्या हातात देऊन गेली होती. नथ मात्र गावी थोरल्या जाऊकडे, रुक्मिणीकडे. नथ दरवर्षी भुसावळच्या गाडीने यायची आणि विसर्जन झालं की त्याच गाडीने परत जायची.

पाऊस दोन दिवस थांबला होता. धुरपदाबाईने घरातलं सगळं पितळ अंगणात काढलं होतं. चुना देऊन भिंती झाल्या होत्या, गोधड्या धुऊन झाल्या होत्या, आता चिंचेने भांडी घासणं चाललं होतं. कानबाईपुढे काळं भांडं ठेवायचं नाही, मळकं काही ठेवायचं नाही. सून चंचल समोर बसून घागर घाशीत होती. तिचं माहेर कतारगामचं, जन्म सुरतेतलाच. अहिराणी बोलता बोलता ती मध्येच गुजरातीत शिरायची.

तेवढ्यात दोघे जण आले. एकाच्या खांद्याला पिशवी, दुसरा रिकाम्या हाताने. पिशवीवाला पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोटात जाडजूड सोन्याची अंगठी.

"राम राम माँ. त्योहार है क्या?"

"कानबाई शे आमची," धुरपदाबाई म्हणाली.

तो उकिडवा बसला. विचारल्याशिवाय त्याने तिच्या हातातला तांब्या घेतला, पिशवीतली लाल पूड फडक्यावर घेतली आणि चार वेळा फिरवली. तांब्या असा निघाला की त्यात पत्र्याची वळचण दिसावी.

"माय वं!" धुरपदाबाई हसली.

"कंपनी का प्रचार है माँ. पैसा नहीं लेते."

मग चंचलच्या पायातली जोडवी झाली. ती लखलखली. मग त्याने सहज विचारलं, देवीचा काही दागिना आहे का? आणि धुरपदाबाईनेच त्याला सगळं सांगितलं. पुढे ती कितीदा तरी स्वतःला हेच विचारत राहिली, की त्याला सांगायला कोणी सांगितलं होतं? तिने सांगितलं, देवीची पोत आहे. पण आमच्यात कानबाईचं सोनं सोनाराच्या आगीत जात नाही आणि तराजूतही घालत नाहीत, देवीला तोलायचं नसतं. म्हणून वर्षानुवर्षं ती तशीच काळवंडलेली राहते.

माणसाने दोन्ही कानांना हात लावला. "बिल्कुल सही माँ. हम न आग में डालते हैं, न तराजू में रखते हैं. देवी का काम है, हाथ जोड़ के करेंगे."

चंचल घागर ठेवून उठली. हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, रहेवा द्या ना. बाबा ड्यूटीवरून येऊ द्या."

"तू पानी भरी ये. नळ ऊना व्हई."

"पन आत्या..."

"जाय सांगं ना!"

चंचल हंडा घेऊन गेली.

गहूपोत म्हणजे सोन्याच्या गव्हांची माळ. एकतीस भरीव दाणे, खऱ्या गव्हाएवढे, आणि प्रत्येक दाण्याच्या पोटावर गव्हाला असते तशी चीर. त्या माणसाने रेशीम कापायला लावलं. दाणे मोकळे केले. "गिन लो माँ, फिर मत कहना." धुरपदाबाईने मोजले. एकतीस. त्याने प्लास्टिकच्या डबीत काळ्या बाटलीतलं पाणी ओतलं, दाणे त्यात टाकले, डबी हलवत बसला. नाकाला झोंबणारा वास आला. धुरपदाबाईने पदर नाकाला लावला.

"दवाई है. मैल खाती है."

ते पाणी त्याने परत बाटलीत ओतलं. दाणे तिच्या पातेल्यात, हळदीच्या पाण्यात टाकले आणि पातेलं स्टोव्हवर ठेवायला लावलं. "पंद्रह मिनट ढक्कन मत खोलना. भाप गई तो चमक गई."

जाताना तो उंबऱ्याशी थांबला. "नथनी नहीं है देवी की?"

"नथ जेठानीपान शे. शुक्रवारले ती येई."

"तो शनिवार को आऊँगा माँ. जोड़ी अधूरी अच्छी नहीं लगती."

पंधरा मिनिटं तिने झाकणाला हात लावला नाही. मग पाणी गाळलं, दाणे फडक्यावर घेतले. पिवळेजर्द. एक, दोन, तीन... एकतीस. तिने चंचलला दाखवायला हात पुढे केला. "देख, मोजी ले. उगीच घाबरस तू."

चंचलने मोजले नाहीत.

दुपारी धुरपदाबाई नवं रेशीम घेऊन दाणे ओवायला बसली. तिचा रोजचा धंदा साड्यांचा. लूमवरून आलेल्या साडीच्या उलट्या बाजूला धागे सुटलेले असतात, ते कात्रीने कापायचे. दिवसाला चाळीस साड्या. डोळ्यांनी नाही, बोटांनीच कळतं कुठे धागा आहे ते. त्याच बोटांनी तिने पहिला दाणा उचलला आणि तो सटकला. दुसरा उचलला. अंगठा त्याच्या पोटावरून फिरला.

चीर नव्हती.

तिसरा, चौथा, दहावा. कुठे पुसट खूण, कुठे काहीच नाही. साबुदाण्यासारखे गुळगुळीत. संख्येला पूर्ण होते आणि तळहातावर त्यांचं ओझंच जाणवत नव्हतं.

तिने सगळे ओवले. गाठ मारली. पोत डब्यात ठेवली, डबा तांदळाच्या पिंपात खोल घातला. चंचल दारात उभी होती. तिने हात पाहिले आणि सासूचं तोंड पाहिलं.

"कोनले सांगू नको," धुरपदाबाई म्हणाली.

"नही सांगस."

संध्याकाळी तिचा नवरा हिलाल ड्यूटीवरून आला. तीस वर्षं लूमवर काढल्याने त्याला कमी ऐकू यायचं. तो बोलायचाही मोठ्याने.

"पोत काढी का?"

"काढसू!" तीही ओरडली. एवढ्या मोठ्याने की शेजारची मंगलाबाई दारातून डोकावली आणि लगेच आत गेली.

बुधवारी धुरपदाबाईला एका जागी बसवेना. साडी मांडीवर घेतली की उठायची, पिंपाशी जायची, झाकण उघडायची, पुन्हा लावायची. देवीच्या कोनाड्याकडे पाठ करून बसली तर पाठीला कोणी पाहतंय असं वाटे. तोंड करून बसली तर बघवेना. गुरुवारी कात्री धाग्याऐवजी साडीत गेली. बोटभर भोक. संध्याकाळी साड्या न्यायला आलेल्या शेठच्या माणसाने ती साडी उजेडात धरली, भोकातून एक डोळा लावून तिच्याकडे पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, चश्मा लई लो. नई तो घेर बेसो." दोन बाया हसल्या. धुरपदाबाईने मान खाली घालून बाकीच्या साड्यांच्या घड्या करून दिल्या.

तिच्या मनात आलं, मंगलाबाईकडेही ते गेले असतील का? मंगलाबाई दोन दिवस बांगड्या दिसणार नाहीत असा पदर मनगटावर घेऊन हिंडत होती. विचारावं म्हणून ती दोनदा तिच्या दारापर्यंत गेली. दोनदा "मीठ शे का?" एवढंच विचारून परत आली. घरात मीठ भरपूर होतं.

शुक्रवारी नागपंचमी. त्या दिवशी कापायचं नाही, चिरायचं नाही, म्हणून कात्री फडताळावर. हातांना काम नाही. हात नुसते मांडीवर पडलेले. ते तिला दुसऱ्याचेच वाटत होते.

दुपारी रुक्मिणी आली. डोक्यावर देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गव्हाची गोणी, कमरेला नथीची डबी. चहा पिण्याआधी तिने हात धुतले. "आन वं पोत. नथसंगे ठेवसू."

धुरपदाबाईने डबा काढला. रुक्मिणीने पोत घेतली, कपाळाला लावली. मग थांबली. तिने पोत उजेडाकडे नेली, एकेक दाणा फिरवला.

"हाई पोत आपली नही शे."

शेडातले लूम तेवढे खडखडत होते.

"दाना गुळगुळीत कसा व्हयनात? कानबाईनं सोनं कोनी घसं?"

दारात मंगलाबाई आणि आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. रुक्मिणीची नजर घरभर फिरली आणि चंचलवर येऊन थांबली.

"हिना भाऊ काय करस वं कतारगामले?"

"हिरा घसस," कोणीतरी मागून म्हणालं.

"मंग!" रुक्मिणी म्हणाली. "हिरा घसस त्याले सोनं घसाले कितला येळ लागी?"

चंचल सूप घेऊन गहू पाखडत होती. तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं, रुक्मिणीकडे नाही, सासूकडे. आता बोलेन, आता बोलेन, असं धुरपदाबाई करते तोवर चंचलने मान खाली घातली आणि सूप पुन्हा हलू लागलं. गहू वर उडायचे, सुपात पडायचे.

रात्री चंचलचा नवरा योगराज मिलमधून आला. त्याच्या नखांत रंग होता. त्याला गल्लीतच कळलं होतं. बायकोने वाढलेलं ताट सरकवून उठला.

शनिवारी सकाळी सातही घरच्या बाया अंगणात जमल्या. रोटांचे गहू मोजायचे असतात: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बाळ पाळण्यात असलं तरी त्याच्या नावाची मूठ पडते. वर ताडपत्री बांधली होती, कारण आभाळ पुन्हा भरून आलं होतं. मध्ये गव्हाची रास, भोवती बाया. चंचल पुढे झाली तशी रुक्मिणीने हात आडवा धरला.

"तू नको हात लावू. तू चुलापान बठ." मग सगळ्यांना म्हणाली, "आनि आयका. पुढला साले कानबाई आथं बसाव नही. पोत मी गावले ली जास."

चंचल चुलीपाशी गेली. धूर नव्हता तरी तिने डोळे पुसले.

धुरपदाबाईचे हात राशीत होते. मूठ भरायची, सुपात टाकायची. हिलालच्या नावाची, योगराजच्या नावाची. गहू बोटांतून सरकत होते आणि प्रत्येक गहू अंगठ्याला आपली चीर लावून जात होता. हजारो गहू, हजारो चिरा. एकही गुळगुळीत नाही. तिसरी मूठ तिला भरवेना.

"मीच दिधी पोत," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला. रुक्मिणी "काय?" म्हणाली.

"मीच दिधी. दोन जन उनथात, भांडा चमकाडनारा. चंचल नको म्हने. मी तिले पानीले लाई दिधं आनि पोत त्यासना हातमा दिधी. मोजीसन दिधी, मोजीसन लिधी. एकतीसना एकतीस." ती थांबली. "कालदिन तू हिले बोलनी, मी मुकी बठनू. मन्ही चूक शे. तिले बोलू नका."

रुक्मिणीच्या हातातली मूठ तशीच राहिली. कोणीतरी "अगं बया" म्हटलं. धुरपदाबाईला वाटलं, आता अंगणातली जमीन तेवढी उरली आहे बघायला.

तेव्हा मंगलाबाईने पदर मागे सारला आणि दोन्ही हात राशीवर धरले. चार बांगड्या, वरची नक्षी धुऊन गेलेली, तारेसारख्या बारीक.

"सोमवारले," ती म्हणाली. "मन्हा घर सोमवारले उनथात."

"आनि तू माले सांगं नही?" धुरपदाबाई ओरडली. "मंगळवारले त्या मना दारमा उनात, तू देखी ऱ्हायनी व्हतीस!"

"तू तरी सांगं का कोनले? मीठ मांगाले येस!"

एक जण हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. तिची कर्णफुलं गेली होती. तिच्या सासूला अजून माहीत नव्हतं. सासू शेजारीच बसली होती. मग कोणाचं काय, ते बाहेर यायला लागलं. रुक्मिणी एकेकीकडे पाहत राहिली. तिची स्वतःची मान ताठ होती ती हळूहळू सैल झाली.

"आज शनवार," धुरपदाबाई म्हणाली. "नथ लेवाले तो आज येवाव शे. मीच त्याले सांगेल व्हतं."

चुलीपासून चंचलचा आवाज आला. "मग येऊ द्या त्याले."

बाया पुन्हा गहू मोजायला बसल्या. मंगलाबाईने आपल्या मुलीला शेडाकडे पाठवलं: हिलालकाकाला सांग, पाच-सहा जण घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबा, आत येऊ नका. हिलालला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सगळ्या शेडाला ऐकू गेलं.

बारा वाजायच्या सुमारास तो आला. एकटाच. बरोबरचा रस्त्यावर रिक्षात थांबला होता.

"राम राम माँ. वाह, मेला लगा है!"

"आवो भाऊ, बैठो." धुरपदाबाईने पाट दिला. तिचं काळीज लूमच्या धोट्यासारखं या बरगडीवरून त्या बरगडीवर आपटत होतं. "नथ आ गई."

रुक्मिणीने कमरेची डबी काढली, उघडली, पण हातातच ठेवली. त्या माणसाने पिशवीतून डबी काढली, काळी बाटली काढली. बूच उघडलं. तोच वास.

"पहिले तुम्हारी अंगूठी डालो," धुरपदाबाई म्हणाली.

तो हसला. "मेरी? मेरी तो साफ है माँ."

"और साफ होगी. मैल खाती है ना दवाई? डालो."

"ये बाप की निशानी है, ऐसे थोड़े..."

"हमारी पोत भी सास की निशानी थी. तुम मोज लेना. एक है, एकच निकलेगी."

अंगणात चौदा-पंधरा बाया, सगळ्यांच्या मुठी गव्हाने भरलेल्या, आणि सगळ्या त्याच्या बोटाकडे पाहत होत्या. त्याने मूठ आवळली. अंगठी आत गेली. त्याने एकदा दरवाजाकडे पाहिलं. अंगणाच्या पत्र्याच्या फाटकाला कडी घालून चंचल त्याला पाठ लावून उभी होती.

तो उठला. बाटली उचलायला वाकला, आणि मंगलाबाईने त्याचं मनगट धरलं. झटापटीत बाटली निसटली. त्याच क्षणी चंचल फाटक सोडून झेपावली. कोणाला वाटलं ती त्याच्यावर धावली. तिने गव्हाची रास असलेली चादर दोन्ही टोकांनी धरून जोरात मागे ओढली. बाटली सारवलेल्या जमिनीवर फुटली. फसफस झाली, पिवळट धूर निघाला, बाया खोकत मागे सरल्या. एक गहूही भिजला नाही.

तो माणूस कडी काढून पळाला खरा, पण गल्लीच्या तोंडाशी हिलाल होता. रिक्षा निघून गेली होती. त्याला चौकीवर नेलं. धुरपदाबाईने तिथे सगळं पुन्हा सांगितलं, नाव सांगितलं, अंगठा दिला. सोन्याचं काय, असं तिने विचारलं तेव्हा तिथल्या जमादाराने विचारलं, "कितना था?"

"ठाऊक नही," ती म्हणाली. "आम्ही कधी तोलं नही."

परत आली तेव्हा पाऊस पडून गेला होता. अंगणात बाटली फुटली तिथे सारवण जळून पिवळा डाग पडला होता. त्या पाण्यात विरघळलेली पोत होती, बांगड्या होत्या, कर्णफुलं होती, कोणाचं किती मुरलं ते कोण सांगणार? एक जण नखाने माती उकरून पाहत होती. बाकीच्यांनी तिला तसंच बसू दिलं.

चुलीपाशी रुक्मिणी परात घेऊन बसली होती. दळलेलं पीठ परातीत होतं. तिने चंचलला हाक मारली नाही. परात तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मन्हा हात दुखस. तू मळ."

चंचलने बाह्या वर केल्या. तिने पाणी घालून पीठ एकत्र केलं. मग सासूकडे न पाहता म्हणाली, "आत्या, शुक्रवारी तुम्ही बोलाल असं वाटलं होतं."

"माले बी," धुरपदाबाई म्हणाली.

रविवारी सकाळी चौरंग मांडला. योगराजने केळीचे खांब बांधले. खांब बांधताना तो तीनदा उगीचच बायकोला सुतळी मागत होता आणि चंचल ती लांबूनच फेकत होती. कतारगामहून चंचलचा भाऊ लोटू आला. त्याला काल रात्रीच सगळं कळलं होतं, घसण्याचं बोलणंही. तो नमस्कार करून कोपऱ्यात बसला. रुक्मिणीच्या पाया पडला नाही.

देवी म्हणून मांडलेला नारळ सजवायची वेळ झाली. धुरपदाबाईने पोत घेतली, देवीकडे नेली आणि थांबली.

"लोटू, तुन्हा काटा शे का रे खिसामा?"

हिरेवाल्यांचा काटा लहान, चष्म्याच्या डबीत मावेल एवढा. लोटूने तो बाहेर काढला आणि बहिणीकडे पाहिलं.

"धुरपदा," रुक्मिणी म्हणाली. "देवीले तोलतंस का?"

"देवीले नही. सोनाले."

हिलाल काहीतरी बोलायला निघाला होता. मंगलाबाईने त्याला हाताने गप्प केलं. लोटूने काटा धरला. एका पारड्यात पोत, दुसऱ्यात बारीक वजनं. काटा हलला, थांबेना, म्हणून पंखा बंद केला. मग थांबला.

"एकोणीस ग्रॅम. वर दोन गुंजा."

"मोठ्याने सांग," धुरपदाबाई म्हणाली.

"एकोणीस ग्रॅम, दोन गुंजा!"

धुरपदाबाईने चंचलला म्हणायला लावलं, मग मंगलाबाईला, मग प्रत्येकीला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी दोनदा म्हटलं. आधी किती होती, हे कोणी विचारलं नाही.

पोत देवीच्या गळ्यात गेली. गुळगुळीत दाणे दिव्याच्या उजेडात चमकले, पूर्वीपेक्षा जास्तच. धुरपदाबाईला ते बघवेना. ती नथ घ्यायला वळली.

रुक्मिणीने डबी उघडली. दहा बोटांत धरलेली नथ तिने क्षणभर छातीशी नेली. तीस वर्षांत ती दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नव्हती, थेट देवीच्या नाकालाच. मग तिने धुरपदाबाईचा तळहात उघडला. पण नथ त्यावर ठेवली नाही. हात पुढे नेऊन ती लोटूच्या पारड्यात ठेवली.

"हाई बी तोल बेटा," ती म्हणाली. "मंगच धुरपदाले दे."